अंड्यातली प्रतिनियुक्ती

सुलभा बोंद्रे यांची प्रतिनियुक्ती कोंबडीच्या अंड्यात झाली, आणि तीही परीक्षा तोंडावर आलेल्या असताना.

तशी या प्रकारात नवल वाटण्यासारखं काही नव्हतं. पेशींची भरती बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. जुन्या पेशी सेवानिवृत्त झाल्या, नव्या नेमल्या गेल्या नाहीत, आणि सरकारी उबवणी केंद्रातली अंडी नुसतीच गरम होऊन वाया जाऊ लागली. तेव्हा शासनानं इतर खात्यांतली माणसं अंड्यांत पाठवायला सुरुवात केली. पाटबंधारे, महसूल, नोंदणी, बंदरं, जिथून माणूस सुटेल तिथून घ्यायचा. पिल्लं बरी निघत होती. काही पिल्लं जेवणाच्या सुट्टीत जागची हलत नसत, पण त्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती.

बोंद्रेबाई शासकीय विज्ञान महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवत. ज्वारीची रास कधी घसरते आणि कधी गच्च बसते, यावर त्यांनी उमेदीची वर्षं घालवली होती. त्यांचं नाव यादीत आलं ते त्यामुळेच.

"जीवशास्त्राचं कोणी का पाठवत नाही?" त्यांनी प्राचार्यांना विचारलं.

"पाठवलं होतं," प्राचार्य म्हणाले. "त्यांनी आतल्या सगळ्यांची नावं लिहून आणली. पण एवढी माणसं कुठलंही परिपत्रक न काढता एक पिल्लू कसं काय उभं करतात, हे काही कोणाला सांगता आलं नाही. मंत्रालयाला तेच हवंय. आपल्या कार्यालयांत जे जमत नाही ते अंड्यात कसं जमतं? आत कोण कोणाला ढकलतं, कोण ओढतं, ते बघायचं. आणि ढकलणं-ओढणं हा विषय तुमचा."

"बाहेरून नाही का बघता येणार?"

"जागा पेशीची रिकामी आहे, निरीक्षकाची नाही. काम करता करता बघायचं."

"आणि माझी प्रात्यक्षिकं?"

"हिरेमठ घेतील."

हिरेमठांना व्होल्टमीटर कुठेही जोडायची सवय होती. घरी येऊन बाईंनी नवऱ्याला सांगितलं. दिनकरराव बँकेतून लवकर निवृत्त होऊन घरीच असत. त्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं आणि विचारलं, "येऊन-जाऊन करता येईल का गं?"

"अंडं आहे ते, अहो. रोज कसं उघडणार?"

"नाही, तसं नाही म्हणत मी," दिनकरराव म्हणाले, पण त्यांनी म्हटलं होतं तसंच.

उबवणी केंद्र गावाबाहेर, जुन्या दूध शीतकरण केंद्राच्या मागे होतं. तिथले पशुधन विकास अधिकारी डॉ. कणसे बारीक अंगाचे आणि सदा धास्तावलेले गृहस्थ होते. त्यांनी बाईंची सही घेतली, अंडं दाखवलं, चपला बाहेर काढायला लावल्या, आणि बाई आत रुजू झाल्या.

आत ऊब होती, ओल होती आणि तांबूस उजेड होता. एका मोठ्या चटईवर माणसं दाटीवाटीनं उभी होती, हाताला हात अडकवून, पाय चटईला घट्ट चिकटवून. गर्दीला दोन कडा होत्या आणि बाईंची जागा डाव्या कडेला होती. प्रत्येकाच्या खांद्यांभोवती एक नाडी होती, परकराला असते तशी. ती ओढली की माणूस वरून आवळला जाई आणि खालून होता तेवढाच राही. बाईंनी एकदा ओढून बघितली. त्या कलिंगडाच्या फोडीसारख्या झाल्या. चारचौघांनी एकत्र ओढली तर चटई वाकणार हे त्यांच्या लगेच लक्षात आलं, आणि तसंच होत होतं. मधला भाग खाली जात होता, कडा वर येत होत्या, आणि सगळ्या गर्दीची एक लांबच लांब पन्हळ तयार होत होती.

बाईंच्या डाव्या हाताला बाबाराव इंगोले होते. ते वाशीमकडचे, पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक. दुसऱ्या हाताला शबाना मुजावर होती, मिरजेच्या नोंदणी कार्यालयातली लिपिक. दोघं बाईंच्या आधी रुजू झालेले होते.

"या, मॅडम," इंगोले म्हणाले. "तुमी आल्या ते बरं झालं. मी इथं सकाळपासून उभा हावो. कोनी विचारलंसुदा नाही का बाबा, तू कोन म्हणून."

"इथले प्रमुख कोण आहेत?" बाईंनी विचारलं.

"तेच तर!" शबाना म्हणाली. "आम्हाला वाटलं, तुम्हीच."

"मग नाडी कधी ओढायची हे तुम्हाला कोण सांगतं?"

"कोणी नाही सांगत."

"मग तुम्ही ओढता कशी?"

शबानानं जरा विचार केला. "दुसरं काय करणार इथं?"

बाईंनी पलीकडच्याला विचारलं, पलीकडच्यानं त्याच्या पलीकडच्याला. प्रश्न पन्हळीच्या जाड टोकापासून, ज्याला सगळे डोकं म्हणत, निमुळत्या टोकापर्यंत, म्हणजे शेपटीपर्यंत, फिरून आला. प्रमुख कोणीच नव्हता. उपप्रमुख नव्हता. कोणाकडे आराखडा नव्हता. आपण पिल्लाचा कुठला भाग होणार, हेही कोणाला ठाऊक नव्हतं. जेवणाची सुट्टी किती वाजता, एवढ्यावर मात्र सगळ्यांचं एकमत होतं.

मोजमाप करायचं तर हात सोडवून थोडं दूर उभं राहायला हवं होतं. बाईंनी शबानाचा हात सोडून मागं सरकून बघितलं. लगेच त्यांच्या दोन्ही बाजूंची कड लचकली, आणि पार खालच्या ओळीतून कोणीतरी ओरडलं, "ए, कोण सोडतंय वर?" बाईंनी पुन्हा हात धरला. ज्वारीच्या राशीवर काम करताना त्यांना कधी ज्वारी व्हावं लागलं नव्हतं. या विषयात जो बघणार, तोच लचकवणार, असा हा कारभार होता आणि याबद्दल आदेशात एक अक्षर नव्हतं. बाईंचं डोकं दुखू लागलं.

दुसऱ्या दिवशी आत एकदम लख्ख उजेड पडला. डॉ. कणसेंनी अंडं दिव्यासमोर धरलं होतं.

"बोंद्रेबाई, ऐकू येतंय का?" कवचाबाहेरून त्यांचा आवाज आला.

"येतंय."

"जरा अडचण झालीय. लेखापरीक्षणवाले आलेत. त्यांचं म्हणणं, या अंड्यात एवढा कर्मचारीवर्ग आहे आणि जबाबदार अधिकाऱ्याचं नाव कुठंच नाही. नाव द्या."

"नाव नाही, कारण अधिकारी नाही," बाई म्हणाल्या. "इथे सगळे आपापल्या शेजाऱ्याला धरून आहेत. माझा अंदाज असा की..."

"अंदाज नको, बाई. नाव हवंय. शुक्रवारपर्यंत नाव नाही मिळालं तर अंडं बाद करायला सांगितलंय."

"बाद म्हणजे?"

कणसे म्हणाले, "मागच्या अंगणात खड्डा आहे."

तेवढ्यात उजेड हलला आणि दुसरा आवाज आला. "सुलभा, मी आहे गं."

"अहो, तुम्ही इथं कसे?"

"बसनं आलो. यांनी आत बोलावलं. बरी आहेस ना? मी काय म्हणत होतो, फ्रिजमधून पाणी येतंय खाली."

"ते दार नीट लावा."

"लावलंय."

"परत लावा!" बाई म्हणाल्या, आणि उजेड गेला.

खड्ड्याची बातमी पन्हळभर पसरायला वेळ लागला नाही. जो तो म्हणू लागला की नाव देऊन टाका. कोणाचं द्यायचं यावर मात्र जो तो शेजाऱ्याकडे बोट दाखवत होता. इंगोले म्हणाले की आपलं निवृत्तीचं वय झालं, आता नवीन जबाबदारी कायले? शबाना म्हणाली की ती तृतीय श्रेणीत आहे. शेपटीकडून निरोप आला की तिकडे सगळे चतुर्थ श्रेणीचे आहेत, त्यांना विचारूच नये. शेवटी असं निघालं की अख्ख्या पन्हळीत प्रथम श्रेणीच्या एकट्या बोंद्रेबाईच आहेत.

"मी अभ्यासाला आलेय," बाई म्हणाल्या.

"मग काय झालं?" इंगोले म्हणाले. "अभ्यास करता करता हुकूम सोडा. तुमाले काऊन जड जाते?"

बाईंना संताप आला. पण समोरची कड हळूहळू वर येताना त्यांना दिसत होती. तिच्यावरची माणसं ओळखू यायला लागली होती, टक्कल कोणाचं, चष्मा कोणाचा. एवढं झाल्यावर मागच्या अंगणात जायचं, तेही एका नावासाठी, हे काही त्यांच्या मनाला पटेना. त्या म्हणाल्या, "ठीक आहे. द्या माझं नाव. पण मग काम माझ्या पद्धतीनं होईल."

कणसेंना नाव मिळालं. त्यांचा आवाज इतका हलका झाला की ओळखू येईना.

बाईंची पद्धत सोपी होती. आतापर्यंत जो तो वाटेल तेव्हा ओढत होता, त्यात जोर वाया जात होता. आता बाई सांगतील तेव्हा सगळ्यांनी एकदम ओढायचं. हुकूम एकानं दुसऱ्याला सांगायचा, दुसऱ्यानं तिसऱ्याला. त्यांनी मोठ्यानं सांगितलं, "ओढा!"

इंगोलेंनी ओढलं. शबानानं ओढलं. हुकूम तोंडातोंडी पुढे सरकला. तो डोक्याकडे पोहोचला तोवर कमरेकडची माणसं ओढून, थकून, ढिली झाली होती. बाईंनी दुसरा हुकूम सोडला तेव्हा पहिला अजून वाटेतच होता. डोक्याकडची माणसं ओढत असताना मधली थांबत, मधली ओढत असताना डोक्याकडची घाम पुसत. इतका वेळ सरळ आलेली पन्हळ नागमोडी झाली.

"जोरानं बोला, मॅडम," इंगोले म्हणाले. "तिकडं आयकू जात नाही."

बाई ओरडल्या. "ओढा! सगळ्यांनी ओढा!"

हा हुकूम शेपटीकडे निघाला. वाटेत मत्स्यव्यवसाय खात्यातला एक जण होता, त्याला सर्दी झाली होती. त्यानं ऐकलं ते बरोबर, पण नाक ओढत बोलल्यामुळे त्याच्या तोंडून पुढच्याला ऐकू गेलं ते "सोडा!" पुढच्यानं पुढे सांगितलं, "सोडा. सगळ्यांनी सोडा. मॅडमचा हुकूम आहे." शेपटीकडच्या लोकांनी आयुष्यात कधी हुकूम मोडला नव्हता. त्यांनी सोडलं.

आधी एक लांब, ओलसर आवाज आला. मग दोन्ही कडा शेपटीकडून लांब जाऊ लागल्या, पायजम्याची शिवण उसवत जावी तशा. उसवण वर वर येऊ लागली. फटीतून पिवळा बलक दिसायला लागला. ज्यांनी सोडलं होतं त्यांना आता धरायला शेजारीच सापडेना. कोणी चटईवर बसलं, कोणी अर्ज लिहायला कागद मागू लागलं. उसवण इंगोलेंच्या पलीकडे येऊन पोहोचली आणि तिथला माणूस इंगोलेंच्या हातातून निसटला. इंगोले एका बाजूनं उघडे पडले. त्यांचं सगळं वजन बाईंच्या हातावर आलं.

"मॅडम!" इंगोले ओरडले. "आता काय करू? सांगा ना!"

"ओढा! नाही, थांबा! धरा! खालच्यांना सांगा..." बाई ओरडत होत्या आणि ओरडता ओरडता त्यांचा घसा बसला. तोंडातून नुसती हवा यायला लागली. शबाना विचारत होती, "काय म्हणताय, मॅडम?" आणि बाईंना काहीही म्हणता येत नव्हतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते भीतीचं होतं की चिडीचं, त्यांचं त्यांनाच कळेना. नोकरीत इतकी वर्षं गेली, एवढं सांगून झालं, आणि ज्या दिवशी सांगणं गरजेचं होतं त्या दिवशी आवाज नाही.

डावा हात खांद्यातून निखळेल असा ताणला होता. आता दुसरं काही सुचत नव्हतं, म्हणून बाईंनी हुकमाचा विचार सोडून दिला आणि हात दुखतो म्हणून, नुसती त्या दुखण्यातून सुटका म्हणून, आपली नाडी आवळली.

इंगोले थोडे वर आले. त्यांचा ताण कमी झाला, तसा त्यांनी स्वतःही ओढलं. त्याच क्षणी बाईंच्या उजव्या हाताला हिसका बसला. शबानानं ओढलं होतं. तिला कोणी सांगितलं नव्हतं. बाईंनी आवळल्यामुळे तिचा हात ताणला गेला होता आणि तिला तो सहन झाला नव्हता. शबानाच्या पलीकडचा वैतागून "अहो, हळू!" म्हणाला आणि त्यानंही ओढलं.

बाई तशाच उभ्या राहिल्या. हिसका उजवीकडे निघून गेला होता. तो कुठवर गेला हे त्यांना दिसत नव्हतं, पण कळत होतं. कारण थोड्या वेळानं तिकडची कड घट्ट झाली, आणि ती घट्ट झाल्याचं त्यांच्या बोटांना जाणवलं. हुकमाला जेवढा वेळ लागला होता त्याच्या किती तरी आधी. त्याला सर्दी होत नव्हती. त्याला श्रेणी नव्हती. ढिलं कुठं आहे ते डाव्या हाताला समजत होतं, ताठ कुठं आहे ते उजव्या हाताला, आणि त्या मधोमध उभ्या असलेल्या बाईंना काय करायचं ते ठरवायचीच गरज नव्हती. जिकडे ओढलं जातंय तिकडे ओढायचं. फार ओढलं गेलं तर आवळायचं. बस.

त्यांनी पुन्हा आवळलं. इंगोलेंनी हात लांब केला आणि कण्हत कण्हत पलीकडच्या निसटलेल्या माणसाचं मनगट पकडलं. त्या माणसानं त्याच्या पलीकडच्याची कॉलर पकडली. उसवण जिथवर आली होती तिथेच थांबली, मग माघारी जायला लागली. पन्हळभर माणसं कुरकुरत होती. कोणी शेजाऱ्याला शिव्या देत होतं, कोणी बदलीचा अर्ज करणार असल्याचं सांगत होतं, आणि प्रत्येक जण ओढत होता. बाईंचा आवाज बसलेला असल्यामुळे कामात व्यत्यय आला नाही.

समोरची कड जवळ येत गेली. आता त्या कडेवरचा माणूस हाताच्या अंतरावर होता. पांढरी मिशी, डोक्याला टोपी, चेहऱ्यावर उन्हानं पडलेले डाग. त्यानं हात पुढे केला.

"सायमन तुस्कानो," तो म्हणाला. "बंदर खातं, वसई."

"बोंद्रे," बाई कुजबुजल्या. "पदार्थविज्ञान."

"तुमच्या बाजूनं मघाशी फार आरडाओरडा चालला होता."

"हो," बाई म्हणाल्या. "आता थांबलाय."

त्यांनी एकमेकांचे हात धरले. दोन्ही कडा मिटल्या. डोक्याच्या बाजूनं आणि शेपटीच्या बाजूनं जोड पुढे पुढे सरकत गेला, आणि पन्हळीची बंद नळी झाली. इंगोले वर बघत राहिले. "कालव्याले झाकण घातलं," ते म्हणाले. "आमच्या खात्यात हे काम मंजूर होऊन पडून हाय." मग खाली कुठून तरी एक ठोका ऐकू आला. थोडा वेळ काहीच नाही. मग दुसरा. तिकडे कोणती माणसं होती ते समजलं नाही, पण ती थांबली नाहीत.

शुक्रवारी कणसेंनी अंडं दिव्यासमोर धरलं. त्यांच्याबरोबर लेखापरीक्षक होते आणि दिनकररावही होते. ते आता रोज येत.

"बोंद्रेबाई," कणसे म्हणाले, "साहेबांना विचारायचंय, नळी बंद करायचा आदेश कोणी दिला?"

बाईंचा घसा अजून पूर्ण सुटला नव्हता. "कोणीच नाही," त्या म्हणाल्या. "मी आदेश दिले तेव्हा उसवलं. नाव हवं असेल तर सगळ्यांची लिहा."

"रकान्यात एकच नाव बसतं," लेखापरीक्षक म्हणाले.

"मग रकाना मोठा करा!" बाई म्हणाल्या, आणि इतक्या जोरानं म्हणाल्या की अंडं कणसेंच्या हातात किंचित हललं.

लेखापरीक्षकांनी ते बघितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. "हे हललं का?"

"हललं," कणसे म्हणाले.

"हलत असेल तर हे अंडं नाही. पक्षी आहे." त्यांनी पुस्तकात बघून खात्री करून घेतली. "पक्ष्याला जबाबदार अधिकारी लागत नाही. मालक लागतो. मालक कोण?"

कणसेंनी अंडं दुसऱ्या हातात घेतलं.

"मी आहे," दिनकरराव म्हणाले. आणि कोणी न सांगताच ते सही करायला पुढे झाले.

त्यानंतर कडेवरच्या माणसांचं तिथे काम उरलं नाही. बदल्या कोणी काढल्या नाहीत. नळीच्या माथ्यावर उभं असता असता एकेकाचा हात सैल पडू लागला आणि एकेकाला जावंसं वाटू लागलं. जमीन जिकडे जरा टणक लागेल तिकडे माणसं चालू लागली. शबाना खाली आतड्याकडे निघाली. तिथं जेवण पुढे सरकवायचं काम असतं, असं तिला वाटेत कोणी सांगितलं होतं.

"नोंदणीसारखंच आहे, मॅडम," ती म्हणाली. "एक आलं की पुढं ढकलायचं." मग तिनं बाईंचा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. इतके दिवस सतत धरलेला हात होता तो, पण असा धरलेला नव्हता.

इंगोले पंखाकडे निघाले होते. पिसांत रंग भरायला माणसं कमी होती.

"पिसं गळतात म्हणे," ते म्हणाले. "पिसं गळाली का मी कार्यमुक्त. सीधा घरी. पन तुमी कुठं, मॅडम?"

"माहीत नाही," बाई म्हणाल्या. "पाय पुढे ओढले जाताहेत."

"तब्येत सांभाळा," इंगोले म्हणाले, आणि जाता जाता दोनदा वळून बघत गेले. ते दिसेनासे झाल्यावर बाईंच्या डाव्या हाताला कितीतरी वेळ वजन नसल्यासारखं वाटत राहिलं.

बाई चालत चालत डोक्याच्या पुढच्या भागात पोहोचल्या. तिथे एका गोल, पातळ पडद्याच्या आतल्या बाजूला माणसं ओळीनं, अंगाला अंग लावून, निश्चल बसत होती. बाईंना जागा दिली गेली. काम एकच होतं, पारदर्शक राहायचं. इतक्या वर्षांच्या नोकरीत बाईंकडे कोणी असं काम दिलं नव्हतं. सुरुवातीला त्यांना फार राग आला. मग हळूहळू शेजारच्यांबरोबर त्याही स्वच्छ होत गेल्या.

अंडं फुटलं ती सकाळ होती. आधी तडा गेला, मग आणखी एक, मग भसकन प्रकाश आला आणि तो सरळ बाईंमधून आत गेला. त्यांना आधी पत्र्याचं छप्पर दिसलं. मग कणसेंचा चेहरा. रुजू होताना दिसला होता त्याहून तो तरुण वाटला. पिल्लाच्या पंखाखाली एक काळसर डाग होता. बाकी सगळं पिवळं.

"घ्या, साहेब," कणसे म्हणाले आणि त्यांनी पिल्लू दिनकररावांच्या ओंजळीत ठेवलं.

दिनकरराव पिल्लाच्या उजव्या बाजूला होते. बाई डाव्या डोळ्यात होत्या. त्यांना दिनकरराव दिसत नव्हते. खिडकी दिसत होती, उबवणीची कपाटं दिसत होती, भिंतीवरचं कॅलेंडर दिसत होतं. आवाज मात्र ऐकू येत होता.

"सुलभा," दिनकरराव हळू आवाजात म्हणाले. "कुठं आहेस तू यात?"

बाईंना बोलता येण्यासारखी जागा नव्हती ती. त्यांना नवऱ्याला बघायचं होतं, एवढंच. त्या आपल्या जागेवर जराशा ताणल्या गेल्या. मुद्दाम नाही. शेजारच्याला ते जाणवलं असावं, कारण त्यानं "काय कटकट आहे" म्हणत अंग आवळलं. त्याच्या शेजारच्यानं आवळलं. ताण पडद्याच्या कडेला पोहोचला, तिथून मागे गेला, मानेत उतरला, आणि मानेतली माणसं कुरकुरली.

पिल्लानं मान वळवली आणि डावा डोळा दिनकररावांच्या समोर आणला.

त्यांनी दाढी केलेली नव्हती. शर्टाला इस्त्री नव्हती. ते डोळे बारीक करून बघत होते, वाचायचा चष्मा विसरले की बघत तसे. बाईंनी त्यांना नीट बघून घेतलं.

"डाव्या डोळ्यात होय?" दिनकरराव म्हणाले. "बरं." त्यांनी ओंजळ छातीशी घेतली, कणसेंचे आभार मानले आणि बाहेर पडताना दारातल्या बाईंच्या चपला काखेत मारल्या. स्टँडवर बस लागलेली होती. डावीकडची खिडकीची जागा रिकामी होती, तिथे ते बसले.